शेंडा साठ सेंटिमीटर

सप्टेंबरचा पहिला आठवडा सरला होता, तरी सौदीतल्या हाइलची हवा अजून भट्टीच्या तोंडातून आल्यासारखी येत होती. सकाळी सातला हुसेनमियाँ शेडनेटखाली उकिडवे बसले होते. हातात बायकोची, मासूमाची शिवणाची टेप. टेपचं टोक मातीला टेकवायचं, वर शेंड्यापर्यंत ओढायचं, डोळे बारीक करून आकडा वाचायचा आणि पुढच्या रोपाकडे सरकायचं.

"अडतीस," ते म्हणाले. मग, "छत्तीस." मग, "एकेचाळीस. ह्यो जरा बरा."

पलीकडच्या वाफ्यावर पाइप धरून हरिहर उभा होता. पुसदकडचा माणूस, नऊ वर्षं याच नर्सरीत. त्याने पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं.

"मामू, हे काहून मोजून रायले सकाळपासून? झगा शिवता का त्याहिले?"

"साठ पायजे म्हणतात."

"काय साठ?"

"शेंडा. साठ सेंटिमीटर. त्याच्याखालचं रोप सरकार घेणार नाय."

हरिहरने अंगठा काढला. पाणी त्याच्याच पायावर सांडत राहिलं.

नर्सरी शहरापासून पंचवीस किलोमीटरवर, अजा डोंगराच्या लाल खडकांच्या पायथ्याला होती. मालक अबू राकान, हुसेनमियाँचे कफील, म्हणजे ज्यांच्या जामिनावर त्यांचं इथलं राहणं. हुसेनमियाँ मूळचे श्रीवर्धनच्या बाजूचे. सुपारीची, नारळाची रोपं करण्यात हात बसलेला माणूस एकोणतीस वर्षांपूर्वी इथे आला आणि वाळवंटातल्या झाडांना लागला. त्यातही तल्हला. तल्ह म्हणजे आपल्या बाभळीचाच भाऊ. काटा तोच, शेंग तशीच, फक्त पाण्यावाचून राहण्याची सवय जास्त. यंदा नऊ हजार तल्ह तयार होते.

ते ज्या जागेसाठी होते ती चाळीस किलोमीटर पुढे होती. लोक तिला हिमा म्हणत. आजूबाजूच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या राखून ठेवलेलं कुरण; उंट-मेंढ्या कधी सोडायच्या, कधी नाही, ते गावच ठरवायचं. आता त्या हिमाचं वेगळं कार्यालय झालं होतं. पूर्वी तिथले इंजिनिअर ओबैद थंडीच्या तोंडाला गाडी घेऊन यायचे, वाफ्यांतून फिरायचे, हुसेनमियाँना त्यांच्या मुलीच्या नावाने हाक मारत "अबू उमामा, हे सगळे माझे," म्हणायचे आणि रोपं जायची. यंदा कार्यालयाने टेंडर काढलं. चौदा पानं. चौथ्या पानावर शेंड्याची उंची.

पाचव्या पानावर मुळाबद्दल काही नव्हतं. सहाव्यावरही नव्हतं.

हुसेनमियाँची सगळी कारागिरी मुळात होती. ते काळ्या पिशवीत रोप करत नसत. पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचे हातभर तुकडे कापून, उभे चिरून, तारेने परत बांधून त्यात रोप लावत. मूळ सरळ खाली जायचं, वळायला जागाच नाही. बुडातून पांढरं टोक बाहेर डोकावलं की रोप तयार. वर शेंडा मात्र वीतभर, दोन वीत. तल्ह असाच, आधी खाली जातो, मग वर बघतो.

*

दुपारी जेवताना त्यांनी सांगितलं. नर्सरीच्या टोकालाच दोन खोल्यांचं घर. मासूमाने कालवणात आंबोशी टाकली होती, गावाहून आलेली.

"अबू राकान आला होता," हुसेनमियाँ म्हणाले. "पोरांना जागा पायजे. लग्नाबिग्नाला भाड्याने द्यायचा बंगला बांधायचाय. मला म्हणाला, ह्या हिवाळ्याला हिमाचं काम मिळालं तर नर्सरी चालू. नायतर खलास."

"मग आपण?" उमामाने विचारलं. चोवीस वर्षांची त्यांची एकुलती मुलगी. इथल्याच भारतीय शाळेत शिकली, अरबी घरच्यासारखी लिहायची-वाचायची, आणि नर्सरीचं कागदपत्रांचं सगळं तिच्याकडे होतं.

"आपण गावाला, कायमचं. फायनल एक्झिट."

मासूमाने त्यांच्या ताटात भात वाढला, नको म्हणत असताना वाढला.

"डोळ्यात पाणी होतं वो त्याच्या?" तिने विचारलं.

"कोणाच्या?"

"अबू राकानच्या."

"होतं. म्हातारा वाईट नाय."

"जायचं तर जाऊ," मासूमा म्हणाली. "घर हाय, विहीर हाय. मी काय इथे खिळे मारून बसले नाय. पण नापास पोरासारखं नाय जायचं. एकोणतीस वर्षं झाडं लावली तुमी, आणि टेपवाला सांगणार तुमची झाडं बुटकी?"

"टेप तुजीच हाय."

"मग माजी मला परत द्या. मातीत लोळवलीत." आणि ती हसली, तेव्हा उमामाही हसली.

*

दुसऱ्या दिवशी हुसेनमियाँनी धुतलेला सदरा घातला. एक पाइप निवडला, त्यातलं रोप मातीसकट गोणपाटात गुंडाळलं आणि उमामाला घेऊन पिकअपमधून हिमाच्या कार्यालयात गेले. त्यांना वाटत होतं, ओबैदना मूळ दाखवलं की झालं. तो जाणकार माणूस. मूळ हातात घेतलं की बोलायची गरजच नाही.

ओबैद पॅसेजमध्येच भेटले. हातात फाइल. हुसेनमियाँना बघून त्यांचा चेहरा आधी उजळला, मग गोणपाटाकडे लक्ष गेलं आणि विझला.

"अबू उमामा, हे काय?"

"मूळ आणलंय. बघा फक्त. एक मिनिट."

"नाही." ओबैदनी हात मागे घेतले, जणू गोणपाट तापलेलं होतं. "टेंडर उघडं आहे. मी समितीत आहे. भरणाऱ्या कोणाला मी भेटू शकत नाही. बघूही शकत नाही."

"मी 'कोणी' नाय, साहेब. मी..."

"तुम्ही भरणारे आहात." आवाज चढला नव्हता, पण बाकावर बसलेली चार माणसं वर बघायला लागली होती. ओबैदनी दाराकडे बघून सुरक्षारक्षकाला हाक मारली. "यांना बाहेर सोडा. नोंद करा. वेळ लिहा."

रक्षक कोवळा होता. त्याने हुसेनमियाँच्या कोपराला हात लावला, हलकेच, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसा. हुसेनमियाँनी गोणपाट छातीशी धरलं. थोडी माती स्वच्छ फरशीवर सांडली. ते वाकून ती गोळा करायला लागले, तर रक्षक म्हणाला, "राहू द्या, चाचा, झाडूवाला येईल." तरी त्यांनी जमली तेवढी मुठीत घेतली.

गाडीत बसल्यावर बराच वेळ त्यांनी किल्ली फिरवली नाही.

"वीस वर्षं ओळखतो मला," ते म्हणाले. "त्याच्या आईच्या मयताला मी खड्ड्यापर्यंत गेलो होतो."

उमामा चिडून लाल झाली होती. "रूड आहे तो. सिंपल. जस्ट रूड."

"नाय. तसा नाय तो." त्यांनी मूठ उघडून माती गोणपाटात परत टाकली. "घाबरलेला वाटला."

परतीच्या वाटेवर उमामा चौदा पानं वाचत होती. चिडली की ती वाचायची, लहानपणापासून. पेट्रोल पंप मागे पडल्यावर ती ओरडली, "अब्बा! अकरावं पान!"

"काय?"

"प्रश्न विचारता येतो. लेखी. वेबसाइटवरून. चोवीस तारखेपर्यंत कोणीही विचारायचा. विचारणाऱ्याचं नाव ते सांगणार नाहीत. उत्तर मात्र सगळ्यांना एकदमच देणार." ती थांबली. "सगळ्यांना."

हुसेनमियाँना ते 'सगळ्यांना' बरोबर ऐकू आलं.

*

संध्याकाळी ऊन उतरल्यावर चौघं वाफ्याच्या कडेला बसले. हरिहर चाळणीने वाळू चाळत होता, कारण त्याला नुसतं बसून बोलता येत नसे.

"म्हंजे पाहा," तो म्हणाला, "आपण इचारलं का मूळ काहून नाई मोजत, तं त्याहिच्या डोक्यात उजेड पडन. पण मंग समद्याहिले समजन का असं लंबं मूळ करता येते. इतकी वर्स आपण कोनाले पाइप दाखोला नाई, मामू. अन् आता सोताच डांगोरा?"

"नाय विचारलं तर?" मासूमाने विचारलं.

"नाई इचारलं तं साठ पायजे."

अबू राकानचा थोरला मुलगा सकाळीच सांगून गेला होता : युरिया मारा, पाणी दुप्पट करा, नेट अजून एक टाका. सावलीत रोप उजेडासाठी पळतं. महिन्यात साठ होईल. टेंडर उघडायच्या दिवशी साठ असलं की झालं. पुढे जगलं, मेलं, कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पश्चिमेच्या टोकाच्या दोनशे रोपांवर दुसरं नेट चढलं. त्या ओळीला पाणी जास्त जाऊ लागलं. हरिहरला ते दिसलं, आणि तो दुसऱ्या वाफ्याकडे पाइप ओढत गेला. दहा दिवसांत ती ओळ सरसर वर आली, पोपटी, मऊ, शेंड्याला एकही काटा नाही. मग एका दुपारी गरम वारा सुटला आणि नेटच्या फटीतून आत शिरून त्या रोपांच्या माना एका बाजूला मुरडून गेला. हुसेनमियाँ काड्या आणि सुतळी घेऊन एकेकाला आधार बांधत बसले.

मासूमा जवळ येऊन कधी उभी राहिली ते त्यांना कळलं नाही.

"ही कोणाची पोरं?" तिने विचारलं.

ते सुतळी दातात धरून होते.

"आपली नाय दिसत," ती म्हणाली. "आपली अशी नसतात. ही कोणीतरी आणून ठेवलीत."

हुसेनमियाँनी सुतळी दातातून काढली. कान लाल झाले होते. "दोनशेच हायत गो. बघत होतो."

"बघितलंत ना? मग उठा. हात धुवा. उमामा बसलीय कॉम्प्युटरला, उद्या चोवीस तारीख."

*

हुसेनमियाँनी मराठीत सांगायचं आणि उमामाने अरबीत लिहायचं असं ठरलं. ते खुर्चीत ताठ बसले.

"लिही. सन्माननीय साहेब, मी एकोणतीस वर्षं या भागात..."

"अब्बा, नाही. तुम्ही कोण ते लिहायचंच नाही. नियम आहे."

"बरं. लिही, तल्हचं झाड जेव्हा लहान असतं, तेव्हा त्याचा स्वभाव..."

"स्वभाव नको."

"स्वभाव नको तर काय लिहिणार? झाड हाय ते!"

"फक्त प्रश्न. पान, ओळ, आणि प्रश्न."

अर्ध्या तासाने तीन ओळी झाल्या. उमामाने त्या मराठीत वाचून दाखवल्या : पान चार, ओळ सात. रोपाच्या उंचीची अट आहे, मुळाच्या लांबीची नाही, याचं कारण काय? सिंचन नसलेल्या जमिनीत रोप जगण्यासाठी मुळाची लांबी आणि सरळपणा तपासला जाईल का?

"झालं?" हुसेनमियाँ म्हणाले.

"झालं."

एवढी वर्षं तीन ओळींत मावली याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. ते पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "सरळपणा शब्द चांगला घातलास. पाठव."

तिने बटण दाबलं. मासूमाने आतून "बिस्मिल्ला" म्हटलं.

*

नंतरचे दिवस कामाचेच होते. उत्तर येवो न येवो, रोपांना पाणी लागतंच. हरिहर पहाटेच टँकर भरून आणायचा. हुसेनमियाँ नऊ हजार पाइपांच्या बुडाला हात लावून बघायचे, टोक बाहेर आलेलं असेल तर पाइप उचलून ठेवायचे, नाहीतर मूळ खालच्या जमिनीत घुसून बसायचं. दिवसाला सहाशे पाइप. त्यांच्या अंगठ्याच्या पेरावर तारेने चिरा पडल्या. मासूमा त्यात खोबरेल भरायची आणि प्रत्येक चिरेमागे एक शिवी अबू राकानच्या थोरल्याला द्यायची, कोकणातली, जी त्याला कधी कळणार नव्हती.

ऑक्टोबरच्या पाचव्या दिवशी उमामा ओढणी सावरत वाफ्यांतून धावत आली. वाटेत पाइपाला अडखळली.

"बदललं! अब्बा, बदललं! उंची तीसच्या वर. मूळ चाळीसच्या वर आणि सरळ, गुंडाळलेलं चालणार नाही. रोपं सगळ्यांसमोर उपटून तपासणार. मुदत तीन आठवडे वाढवली. आणि काम दोन भागांत केलंय, वरची वादी, खालची वादी, म्हणजे एवढी रोपं एकाकडे नसली तरी चालेल."

हरिहरने टँकरचा नळ बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाला.

हुसेनमियाँ खाली बसले. मासूमाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, चारचौघांत ठेवत नसे तसा.

"अजून एक आहे," उमामा म्हणाली. "बियाणं याच भागातलं पाहिजे. पुरावा लागेल. कधी, कुठे गोळा केलं."

बियाणं तर इथलंच होतं. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला हे तिघं नि हरिहर डबा घेऊन वादीत, डोंगरातल्या कोरड्या ओढ्याच्या पात्रात, जायचे, जुन्या तल्हखाली चादर अंथरायचे, शेंगा झोडायचे. किड्याने भोक पाडलेलं बी बाजूला, धड बी बाजूला. मग घरी येऊन गरम पाण्यात रात्रभर. पण कागद कोण करतो त्याचा?

"माझ्याकडे हाय," मासूमा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"फोटो. बहिणीला धाडते ना मी दर वर्षी. बघ गो म्हणून, आमी पिकनिकला आलोय."

फोनमध्ये सहा वर्षांचे फोटो निघाले. तारीख होती, ठिकाण होतं. प्रत्येकात मासूमा चादरीवर बसलेली, मांडीत शेंगांची रास.

"नाय हां," ती फोन ओढायला लागली. "माजा फोटो सरकारी कागदात नाय जाणार. ह्यात ओढणी सरकलीय. ह्यात मी केळं खातेय!"

"अम्मी, चेहरा कापते मी. प्लीज."

उमामाने चेहरे कापले. मग उरले ते फक्त हात. शेंगा सोलणारे, बी चिमटीत धरलेले. एका वर्षी बांगड्या हिरव्या, एका वर्षी लाल. टेंडरच्या फायलीत ते सहा फोटो एकाखाली एक लागले. मासूमाने कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"नखं तरी कापायची होती मी," ती म्हणाली. पण फाइल बंद करायच्या आधी तिने अजून एकदा पाहिलं.

*

तपासणीच्या दिवशी कार्यालयाच्या मागच्या अंगणात ताडपत्री अंथरली होती. पाण्याने भरलेले तीन टब. भरणारे तीनच होते. एक लांबच्या मोठ्या शहरातली काचेच्या घरांची नर्सरी. त्यांचा माणूस इस्त्रीच्या शर्टात, हातात टॅबलेट. दुसरे हुसेनमियाँ. तिसरा एक सुदानी म्हातारा, हाज इद्रीस, शेजारच्या तालुक्यात त्याची छोटी नर्सरी. डोक्याला मोठा पांढरा फेटा, पायात टायरच्या चपला.

ओबैद आणि दोन सदस्यांनी प्रत्येकाच्या ढिगातून स्वतःच्या हाताने पाच पाच रोपं उचलली. भरणाऱ्यांनी हात लावायचा नव्हता. हुसेनमियाँनी हात पाठीमागे बांधले होते. त्यांची रोपं कोणी दुसराच पाइपातून काढत होता, तार चुकीच्या बाजूने ओढत होता, आणि ते तोंडातल्या तोंडात "अरे, अरे" करत होते. उमामाने त्यांची बाही धरून ठेवली.

काचेच्या घरातली रोपं सत्तर सेंटिमीटर. देखणी. टबात माती धुतली गेली तसं मूळ दिसलं; पिशवीच्या बुडाशी गोल गोल फिरून जिलबीसारखं बसलं होतं. इस्त्रीच्या शर्टाने टॅबलेट बंद केला.

हुसेनमियाँचं पहिलं मूळ सेहेचाळीस. दुसरं त्रेचाळीस. पाचही सरळ, वेणीसारखी. ओबैदनी एक हातावर धरलं, पाणी निथळू दिलं, उजेडाकडे केलं. आकडा लिहिला. पण ते मूळ त्यांनी ताडपत्रीवर टाकलं नाही, ठेवलं.

मग हाज इद्रीसची पाच. ती पंचेचाळीसच्या खाली एकही नव्हती.

हुसेनमियाँ पुढे वाकले. म्हातारा पाइप वापरत नव्हता. खजुराच्या झावळ्यांची विणलेली लांब टोपली, हातभर, नळीसारखी. एवढी वर्षं पन्नास किलोमीटरवर कोणीतरी हेच करत होतं.

तपासणी संपल्यावर इद्रीस त्यांच्याकडे आला. दात मोजके होते, हसू मोठं होतं.

"पाइप चांगला," तो म्हणाला. "मी टोपली विणतो. बोटं दुखतात."

"टोपली पण चांगली. कुजून जाते, काढायला नको."

"माझी यंदा तेहतीस सेंटिमीटरच वाढली, अल्ला कसम. साठ म्हटल्यावर मी फाइल चुलीत घालणार होतो. मग कोणीतरी तो प्रश्न विचारला." त्याने आभाळाकडे हात केले. "ज्याने विचारला त्याच्या आईबापांवर अल्ला रहम करो."

"आमीन," हुसेनमियाँ म्हणाले. उमामाने तोंड उघडलं, तर त्यांनी तिच्या हाताला हलकासा चिमटा घेतला.

*

निकाल आला. खालची वादी, मोठा तुकडा, हाज इद्रीसला. त्याचा दर कमी होता. वरची वादी, लहान तुकडा, अबू राकानच्या नर्सरीला. नऊ हजारांतले पाच हजार जाणार होते.

हरिहर दिवसभर फणफणत होता. "आपणच इचारलं, अन् मोठं ताट त्याच्या पुढं!"

"त्याची मुळं बघितलीस ना?" हुसेनमियाँ म्हणाले.

"पाह्यली."

"मग?"

हरिहर थोडा वेळ वाळू चाळत राहिला. "चांगली होती," तो शेवटी म्हणाला.

अबू राकान काठी टेकत आले. मुलांना त्यांनी गाडीतच बसवून ठेवलं होतं. वाफ्यांमधून दोनदा येरझार घातली. "एक वर्ष," ते म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी आहे, नर्सरी आहे. त्यापुढचं मला विचारू नका. मी ऐंशीचा आहे." हुसेनमियाँनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघंही उरलेल्या चार हजार रोपांकडे बघत उभे राहिले, कोणाला विकायची त्याचा विचार करत.

*

डिसेंबरात लागवड झाली. पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाची साय यायची. करारात तारीख होती : वीसच्या आत सगळं जमिनीत, कारण त्यानंतर कडाका. हुसेनमियाँ, उमामा, हरिहर आणि रोजाने घेतलेले चार जण खड्डे करत, पाइप उघडत, मूळ सरळ सोडत, माती दाबत पुढे सरकायचे. मासूमाही रोज यायची. दुपारचा डबा हे तिचं निमित्त. डबा उघडायच्या आधी ती शंभर रोपं लावून मोकळी व्हायची.

एकोणीस तारखेला दुपारी त्यांची वरची वादी संपली. हरिहरने फावडं जमिनीत उभं खोचलं आणि त्यावर हनुवटी टेकवली. तेव्हा खाली लांब त्यांना हाज इद्रीस दिसला. त्याच्या दोन माणसांपैकी एक तापाने पडला होता. वाऱ्यात त्याचा फेटा सुटून मागे फडफडत होता आणि तो एकेक टोपली उचलून घेऊन चालला होता. त्याच्यामागे अजून बरीच रास होती.

"किती असतील?" मासूमाने विचारलं.

"सहाशे. जास्त."

"उद्या शेवटचा दिवस ना?"

हुसेनमियाँ वळले. पिकअपमध्ये घमेली टाकायला लागले.

ते खाली पोचले तेव्हा ओबैद तिथेच होते, नकाशा घेऊन, ओळी तपासत. त्यांनी पिकअपमधून उतरणारी माणसं बघितली.

"अबू उमामा, तुमचा भाग वर आहे," ते म्हणाले. "हा दुसऱ्या कराराचा भाग आहे."

"ठाऊक हाय साहेब."

"इथे तुमचं नाव नाही. तुम्हाला इथलं काही मिळणार नाही."

"नको हाय."

मासूमाला अरबी फारशी यायची नाही. पण ओबैदचा हात 'नाही'सारखा हलताना तिने पाहिला आणि पुढे आली. "साहेब, आमी पावणे," ती सरळ मराठीत म्हणाली, छातीवर हात ठेवून. "पावणे! उमामा, सांग गो त्यांना."

उमामाने सांगितलं.

ओबैदनी कराराचे कागद काढले. वाऱ्यात पानं धरून, बोट फिरवत, एकेक ओळ वाचली. पाच मिनिटं तरी वाचत असतील. सगळे उभे.

"पाहुण्यांबद्दल इथे काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. कागद घडी करून खिशात ठेवले आणि पलीकडच्या ओळी मोजायला निघून गेले.

हरिहर पुढे खड्डे पाडत गेला, उमामा टोपल्या वाटत गेली, हाज इद्रीस आणि हुसेनमियाँ समोरासमोर गुडघ्यांवर बसून रोपं सोडत गेले, मासूमा डब्याने पाणी घालत मागून आली. लाल डोंगराची सावली त्यांच्या मागोमाग सरकत होती. हात बधिर झाले की इद्रीस बगलेत घालायचा, हुसेनमियाँ तोंडाशी धरून फुंकायचे. शेवटचं रोप लागलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

हुसेनमियाँनी माती दाबली, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि उठायला गेले. उठता येईना. पाय गुडघ्यात अडकून बसले होते.

"राहू दे," ते म्हणाले, "बसतो जरा."

"थंडीत कुठे बसता? उठा वो," मासूमा म्हणाली आणि डबा टाकून एका काखेत हात घातला.

दुसऱ्या बाजूने हाज इद्रीस आला. स्वतःच लटपटत त्याने दुसरी काख धरली. "यल्ला," तो म्हणाला, "यल्ला, चल, हुसेन."

दोघांनी मिळून ओढलं. एकदा जमलं नाही. मासूमाला हसू फुटलं, मग इद्रीसला, आणि हसण्यात दोघांच्या हातातलं बळ गेलं, तसे तिघंही परत खाली बसले.